भाईंदरला होतं दुरुस्त

नवरे साहेबांनी ती कार्ट्रिज कचऱ्याच्या डब्यात टाकली, ती दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी, वाइंडिंगच्या टेबलाजवळ उभं राहून. टेबलावर नऊ बाया होत्या आणि नऊही जणींनी ते पाहिलं. पुढे या गोष्टीला महत्त्व आलं, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

साल त्र्याहत्तर. भाईंदर स्टेशनच्या पूर्वेला, मिठागरांकडे जाणाऱ्या रस्त्यावर साहेबांची पत्र्याची शेड होती. तिथे काट्याचे व्होल्टमीटर बनायचे. प्रत्येक मीटरच्या पोटात लोहचुंबक, चुंबकाच्या मधोमध नखाएवढी चौकट आणि तिच्यावर केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. तारेतून वीज गेली की चौकट वळते, काटा हलतो. ही गुंडाळी, म्हणजे कॉइल, बायाच करायच्या. तयार कॉइल मीटरमध्ये बसवून काटा जुळवायचं काम चार पुरुषांकडे होतं. हजेरीच्या पुस्तकात ते चौघे टेक्निशियन होते आणि बाया हेल्पर.

आनंदी राजापूरकडची. लग्न होऊन भाईंदरला आली आणि दुसऱ्याच वर्षी या टेबलाशी बसली, त्याला आता अकरा वर्षं झाली होती. सगळ्यांत बारीक तार तिच्याकडे यायची. ती तार इतर बायांच्या हातात श्वासानेसुद्धा तुटायची.

साहेब पार्ल्याला राहायचे, इंजिनिअर माणूस, गाणं ऐकण्याचं भारी वेड. त्यांच्या मेहुण्याने जपानहून रेकॉर्ड प्लेअरसाठी एक कार्ट्रिज आणून दिली होती. कार्ट्रिज म्हणजे रेकॉर्डवर टेकणारी सुई जिच्यात बसवलेली असते ती डबी. तिच्यातून आवाजाची वीज निघते. साहेबांची ही कार्ट्रिज मूव्हिंग कॉइलची, महागाची आणि आपल्याकडे न मिळणारी. महिन्याभरापासून ती एका बाजूने खरखरत होती. साहेबांनी ती कारखान्यात आणून धर्माजीला दाखवली. धर्माजी टेक्निशियनांचा मुख्य. त्याने तपासायला म्हणून बॅटरीच्या सेलच्या दोन तारा तिच्या पिनांना टेकवल्या. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. आनंदीच्या पाठीमागेच उभा होता तो. कसलासा जळका वास तिला आला आणि तिने मान वळवून पाहिलं. धर्माजीने कार्ट्रिज पटकन मुठीत घेतली.

"मुळातच गेलेली होती साहेब," त्याने सांगितलं.

साहेबांनी ती मुंबईतल्या दुकानात नेली. दुकानदार म्हणाला, हिची सुई बदलता येत नाही, कॉइलचं तर नावच काढू नका. जपानला पाठवा, नाहीतर टाकून द्या आणि साधी बसवा. साहेबांनी साधी घेतली. जुनी खिशातच राहिली होती, ती त्या दुपारी हाताला लागली आणि त्यांनी ती डब्यात टाकली.

"साहेब, ती मी घेऊ?" आनंदीने विचारलं.

"काय करणार तू तिचं?"

"उघडून बघते."

"घे. नथीत बसव."

चारही टेक्निशियन हसले. आनंदीने डब्यातून कार्ट्रिज उचलली, पदराला पुसली आणि जेवणाच्या डब्याच्या झाकणात ठेवली.

तिला ती हवी होती, त्याला कारण होतं. तिच्या शेजारी बसणारी डेझी उत्तनची. डेझीचा नवरा लुईस पूर्वी बोटीवर स्वयंपाकी होता. पाठीने दगा दिला तेव्हा तो घरी परतला आणि येताना एक रेकॉर्ड प्लेअर घेऊन आला. आदल्या वर्षी सणाला डेझीने आनंदीला आणि तिच्या नवऱ्याला, राघोला, जेवायला बोलावलं होतं. जेवण झाल्यावर लुईसने गिटारची एक रेकॉर्ड लावली. आनंदीचा काका गावी भजनात मृदंग वाजवायचा आणि ती लहानपणी त्याला खेटून बसायची. शाईवरून बोट उचललं की कातडं जे बारीक कुरकुरतं, ते जवळ बसणाऱ्यालाच ऐकू येतं. लुईसच्या त्या पेटीतून तिला बोट तारेवरून सुटल्याचा आवाज आला.  परतीच्या एस.टी.त राघोने दोनदा हाक मारली तरी तिला ऐकू गेली नाही.

पुढे दोन महिन्यांत लुईसच्या हातून फडका अडकून सुईची काडी मोडली, तिच्या टोकाचा हिरा गेला. त्याचीही कार्ट्रिज मूव्हिंग कॉइलचीच होती. साधी बसवायला तो तयार नव्हता. "मग रेडिओ काय वाईट हाय?" असं म्हणून त्याने प्लेअरवर चादर टाकली होती.

साहेबांच्या कार्ट्रिजमध्ये हिरा शाबूत होता. गेली होती ती फक्त कॉइल.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आनंदीने डोळ्याला भिंग लावून ती उघडली. आत चुंबक, आणि चुंबकाच्या मधे तांदळाच्या दाण्याहून लहान तुकड्यावर दोन कॉइली, एकीवर एक आडव्या. तार काळी पडून चिकटली होती. आनंदी बराच वेळ बघत राहिली.

"डेझी, हे आपलंच मीटर आहे," ती म्हणाली. "फक्त उलटं. आपल्यात वीज गेली की कॉइल हलते. हिच्यात सुईने कॉइल हलवली की वीज येते."

"पन किती बारीक हाय ती."

"बारीकच तर करतो आपण."

धर्माजी चहाचा कप घेऊन मागे येऊन उभा राहिला होता. तो तिच्याच तालुक्यातला, तिला वहिनी म्हणायचा. "वहिनी, उगाच डोळे घालवू नका. जपानमध्ये हे मशीनवर होतं."

"मशीनवर पण कुणीतरी बाईच बसली असेल, भावजी," आनंदी म्हणाली.

धर्माजी जाता जाता म्हणाला, "कंपनीच्या तारेला मात्र हात लावू नका. साहेब चोरी म्हणतील."

आनंदीने कंपनीची तार घेतली नाही. लुईसकडे बोटीच्या वायरलेस रूममधला एक मोडका हेडफोन होता. त्याच्या आतली तार मीटरच्या तारेपेक्षाही बारीक निघाली.

मग रविवारमागून रविवार ती उत्तनला जाऊ लागली. राघो स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होता, आठवड्यातून एकच दिवस त्याला घरी मिळायचा. पहिल्या रविवारी तो कुरकुरला, दुसऱ्या रविवारी तिच्याबरोबर आला. लुईसच्या घरात दारं-खिडक्या लावून बसावं लागायचं, कारण समुद्रावरचा वारा तार उडवून न्यायचा. बाहेर बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत असायचे आणि बंद खोलीत तो वास आणि उकाडा मिळून डोकं धरायचं. राघो टेबलाचा पाय दाबून धरायचा, कारण फळीची जमीन माणूस चालला की हलायची.

जळकी तार सोडवताना आनंदीने वेढे मोजले. एका बाजूला बत्तीस भरले. नवी तार तिने तितक्याच वेढ्यांची घातली. पहिल्या वेळी ती शेवटच्या वेढ्याला तुटली. दुसऱ्या वेळी टोकं सोल्डर करताना गेली. तिसऱ्या वेळी दोन्ही कॉइली झाल्या, पण त्यांच्यामागचं इवलंसं रबर कडक होऊन चिरलं होतं. त्याच्या जागी लुईसने सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचा तुकडा कापून दिला. तो बसवून सुई रेकॉर्डवर टेकवली तर ते मऊ रबर दबलं आणि कार्ट्रिज पोटावरच बसली. आवाज आला तो गोणपाटाखालून आल्यासारखा.

"राहू दे, बाय," लुईस म्हणाला. "एवढं केलंस, खूप झालं."

"तुम्हाला पुरे झालं असेल, लुईसभाऊ," आनंदी म्हणाली. "मला नाही झालं."

ती आठवडाभर रबर शोधत फिरली. औषधाच्या बाटलीचं बूच, फाऊंटन पेनची नळी, राघोच्या कारखान्यातलं वॉशर. शेवटी पेनच्या नळीचं रबर चाललं, तेही दोन वेळा तासल्यावर. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी दुपारी लुईसने तीच गिटारची रेकॉर्ड लावली. सुई टेकली. आधी उजवीकडून आवाज आला आणि आनंदीने डोळे मिटले. मग डावीकडूनही आला. डावा किंचित हलका होता, तिला ते कळलं, पण बाकी कुणाला कळलं नाही. बोट तारेवरून सुटत होतं आणि ते सुटताना ऐकू येत होतं.

डेझी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती, ती तशीच राहिली. राघोला कारखान्यातल्या आवाजाने कमी ऐकू यायचं. तो पेटीजवळ जाऊन खाली बसला आणि त्याने कान लावला. "येतंय," तो म्हणाला.

सोमवारी डेझीने टेबलावर सगळ्यांना सांगितलं आणि मंगळवारी ते साहेबांच्या कानावर गेलं. साहेबांना खरं वाटेना. पुढच्या रविवारी ते आपल्या फियाटमधून उत्तनला आले. लुईसने त्यांना खुर्ची दिली, डेझीने सरबत केलं. साहेबांनी येताना सतारीची रेकॉर्ड आणली होती. तिची एक पूर्ण बाजू त्यांनी न हलता ऐकली. संपल्यावर उठून कार्ट्रिजकडे वाकून पाहिलं.

"आनंदी, हे तू केलंस?"

"हो, साहेब."

"कमाल आहे. उद्या कारखान्यात घेऊन ये. तुला बक्षीस देतो."

"ही इथेच राहील, साहेब."

साहेबांना वाटलं तिला नीट ऐकू गेलं नाही. "अगं, माझी कार्ट्रिज आहे ती. माझ्या मेहुण्याने आणलेली."

"तुम्ही टाकलीत. मी विचारून घेतली. नऊ जणींनी ऐकलंय."

"ती बिघडलेली होती म्हणून टाकली. आता चालतेय."

"आता चालतेय ती माझ्यामुळे."

साहेबांचा चेहरा बदलला. "आणि तार कुणाची? वीस वर्षं कारखाना चालवतोय मी. असली तार कुठे मिळते ते मला ठाऊक आहे."

लुईस आत गेला आणि मोडका हेडफोन आणून त्याने साहेबांसमोर टेबलावर ठेवला. त्याच्या पोटातली एक गुंडाळी अर्धी उलगडलेली होती. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा आनंदीकडे.

"कायद्याने वस्तू माझी ठरते," ते म्हणाले.

आनंदीने प्लेअरचा हात उचलला, दोन स्क्रू सोडवले आणि कार्ट्रिज तळहातावर घेतली. "डबी तुमची आहे म्हणता, तर डबी घेऊन जा," ती म्हणाली. "चुंबक तुमचा, हिरा तुमचा. कॉइल माझी आहे, तेवढी मी काढून घेते. डेझी, चिमटा दे."

डेझीने खरंच चिमटा आणून दिला. आनंदीने भिंग डोळ्याला लावलं. राघो तिच्याकडे बघत होता. घरून निघताना त्याने बजावलं होतं, साहेबांशी वाकडं घेऊ नकोस. आता तो पुढे झाला आणि सवयीने त्याने टेबलाचा पाय दाबून धरला.

"वेडेपणा करू नकोस," साहेब घाईने म्हणाले. "चालती वस्तू मोडतेस?"

"मोडली तर पुन्हा करीन. मला येतं."

साहेबांनी हातानेच तिला थांबवलं. मग आपली रेकॉर्ड काखेत मारली. ते दाराशी गेल्यावर आनंदी त्यांच्या पाठीमागून म्हणाली, "त्या दुकानदाराला सांगा साहेब, भाईंदरला होतं दुरुस्त. माझं नाव सांगा."

परतीच्या एस.टी.त डेझी तिला पोचवायला स्टेशनपर्यंत आली. ती चिडलेली होती. "ती जाळली धर्माजीनं. तू बघितलंस. ते का न्हाय बोललीस?"

"त्याचं तोंड त्याच्यापाशी आहे," आनंदी म्हणाली. "माझं खरं ठरवायला त्याची चूक कशाला पाहिजे?"

सोमवारी आनंदीला टेबलावरून उठवून पॅकिंगला पाठवलं. खोक्यात पेंढा भरायचा, मीटर ठेवायचं, सुतळी बांधायची. तिने निमूटपणे केलं नाही. पहिल्याच दिवशी कोऱ्या कागदावर अर्ज लिहून तिने साहेबांच्या टेबलावर ठेवला. अर्ज असा होता: मी अकरा वर्षं मीटरच्या कॉइली करते. टेक्निशियन माझ्या कॉइली बसवतात. बसवणारा टेक्निशियन आणि करणारी हेल्पर, हे मला मान्य नाही. मला टेक्निशियन करावं.

उत्तर आलं नाही. पुढच्या सोमवारी तिने तोच अर्ज पुन्हा लिहिला. त्याच्या पुढच्याही.

तिकडे टेबलावर बारीक तारेच्या मीटरची कॉइल अडली. साहेबांनी डेझीला आनंदीच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. डेझी बसली नाही. "माझा हात तेवढा न्हाय," ती म्हणाली. ते अर्धंच खरं होतं. अकरा वर्षं आनंदीच्या शेजारी बसून तिला बरंच येत होतं. धर्माजीने स्वतः करून पाहिलं. एका दिवसात त्याने सात कॉइली तोडल्या. संध्याकाळी तो पॅकिंगच्या कोपऱ्यात आला आणि एका खोक्यावर बसला.

"वहिनी, मी सांगून टाकतो साहेबांना. सेलचं."

"सांगा."

"उद्या सांगतो."

त्याने सांगितलं नाही, ना दुसऱ्या दिवशी, ना नंतर कधी. आनंदीने त्याला पुन्हा विचारलंही नाही.

डिसेंबरात साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. तिचे अर्ज त्यांच्यासमोर एकावर एक ठेवलेले होते.

"हे बघ, दोघांनी थोडं थोडं सोडू," ते म्हणाले. "तू कार्ट्रिज दे, मी तुला टेक्निशियन करतो."

"नाही, साहेब."

"अगं, तुला हवं तेच देतोय."

"ते कामाचं आहे, ते कामासाठी द्या. त्या डबीच्या बदल्यात घेतलं तर उद्या सगळे म्हणतील, डबी देऊन झाली टेक्निशियन."

"मग राहा पॅकिंगमध्ये."

"राहते. अर्ज येतील दर सोमवारी."

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर तिने राघोला सगळं सांगितलं. राघोने चहा केला. "काढून टाकलं तर?" त्याने विचारलं. "तर दुसरीकडे खोकी बांधीन," ती म्हणाली, आणि मग थोडी रडलीही, कारण सुतळीने बोटांना चिरा पडल्या होत्या आणि त्या बोटांना आता बारीक तार लागेल की नाही याची तिला भीती वाटत होती. राघोने रात्रीच्या जेवणाआधी तिच्या बोटांना खोबरेल लावलं. दुसऱ्या दिवसापासून ती बोटांना चिंध्या गुंडाळून खोकी बांधू लागली.

जानेवारीत बारीक मीटरचं गिऱ्हाईक स्वतः कारखान्यात आलं आणि साहेबांच्या केबिनमध्ये मोठ्याने बोलून गेलं. चार दिवसांनी टाइप केलेलं पत्र आलं. आनंदीला टेक्निशियन केल्याचं त्यात लिहिलं होतं. तिने ते दोनदा वाचलं आणि केबिनमध्ये गेली.

"डेझीचं नाव नाही यात."

साहेबांनी चष्मा काढला. "तू अर्ज तुझ्यापुरता केला होतास."

"तेव्हा मी एकटी उठवली गेले होते. आता टेबलावर परत बसायचं तर शेजारी डेझी पाहिजे. बारीक तार तिला येते, मी शिकवलीय. बाकीच्या सात जणींचं पुढे बघू, पण बघायचं आहे, हे लिहून ठेवा."

साहेबांनी ते लिहून ठेवलं की नाही, ते आनंदीला कधी कळलं नाही. डेझीचं पत्र मात्र आठवड्यात आलं. बाकीच्या सात जणींना आणखी दोन वर्षं लागली, आणि त्या दोन वर्षांत सोमवारचे अर्ज पुन्हा सुरू झाले, आता नऊ सह्यांचे. आनंदीच्या बोटांच्या चिरा भरायला महिना गेला. पहिल्या आठवड्यात तिने इतकी तार तोडली की धर्माजीही मान खाली घालून राहिला. मग हात बसला.

उत्तनची कार्ट्रिज पाच वर्षं चालली. तिने केलेल्या कॉइलींना काही झालं नाही. हिराच घासून गेला, आणि हिऱ्याला तिचा इलाज नव्हता. लुईसने तेव्हा नाइलाजाने साधी बसवली आणि चार दिवस घरात कुणाशी धड बोलला नाही. आनंदी म्हणाली, "ऐका हो लुईसभाऊ, गिटार तीच आहे." त्याने ऐकलं. पण तिलाही फरक कळत होता आणि तिने तो नाकारला नाही.

त्याआधी, टेक्निशियन झाल्यावर सहा महिन्यांनी, धर्माजी एक पाकीट घेऊन तिच्या टेबलाशी आला होता. आत कापसात ठेवलेली एक मूव्हिंग कॉइलची कार्ट्रिज होती, एका बाजूने मुकी झालेली. साहेबांच्या पार्ल्यातल्या मित्राची.

"साहेब विचारतायत, बघाल का?"

"साहेबांना विचारायचं असेल तर त्यांनी विचारावं," आनंदी म्हणाली आणि पाकीट परत दिलं.

अर्धा तास गेला. मग साहेब स्वतः आले. टेबलावरच्या नऊही जणींचे हात थांबले. साहेबांनी पाकीट तिच्यासमोर ठेवलं.

"आनंदीबाई, दुकानदाराने ही घ्यायला नकार दिला. मी मित्राला तुमचं नाव सांगितलंय. तुम्ही पाहाल का?"

आनंदीने कापूस उलगडला, कार्ट्रिज चिमट्यात धरली आणि भिंग डोळ्याला लावलं. साहेब उत्सुकतेने तिच्या खांद्यावरून वाकले.

"साहेब," ती मान वर न करता म्हणाली, "उजेडातून जरा बाजूला व्हा."

साहेब बाजूला झाले.